एक मुकें दुखणें

आमच्याकडील घरांत दुखण्यांनाही मानपान असतो. गुडघे धरले, रक्तदाब वाढला, साखर आढळली, कीं त्या दुखण्याचा उच्चार ओसरीवर, पाहुण्यांदेखत, किंबहुना किंचित् अभिमानानेंही होतो. मधुमेही गृहस्थ दुसऱ्याच्या घरीं ‘चहा बिनसाखरेचा’ असें मोठ्यानें सांगतात आणि त्या सांगण्यांत कसलाही संकोच नसतो. परंतु कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं तीं माजघराच्याही आड राहतात. बायकांचीं दुखणीं पूर्वीं बहुतेक सर्वच या वर्गांत मोडत. अलीकडे त्यांविषयीं थोडें बोललें जाऊं लागलें आहे. पुरुषांचें मात्र एक दुखणें अजून मुकेंच आहे. उतारवयांत लघुशंकेला होणारा त्रास, आणि त्याच जागीं कधीं कधीं गुपचूप वाढणारा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, या विषयावर आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. विषय अवघड आहे खरा. पण हें मासिक सासूपासून सुनेपर्यंत आणि आजोबांपासून नातवापर्यंत घरांतील सर्वांच्या हातीं जातें, म्हणूनच तो येथें मांडणें योग्य.

आमचें चिखली हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. गांवाला रेल्वे नाहीं. बुलढाणा, खामगांव, मेहकर, जालना, कोठेंही जावयाचें तर मोटारीचा रस्ता. सकाळीं रेणुकामातेच्या देवळाच्या बाजूस फिरावयास जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा मेळा आम्ही नित्य पाहतों, आणि हल्लीं त्यांत आमचीही गणना होऊं लागली आहे. तेथें सोयाबीनच्या भावापासून पुण्यांत नोकरी करणाऱ्या चिरंजीवांच्या घरकर्जापर्यंत सर्व विषय निघतात. एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाहीं. ती वागण्यावरून ओळखावी लागते. एक गृहस्थ कीर्तनाला आले कीं दाराजवळचीच जागा धरतात. दुसऱ्यांनीं दोन वर्षांत एकाही लग्नाला हजेरी लावली नाहीं. विचारलें तर ‘आतां दगदग सोसत नाहीं’ हें उत्तर. खरें कारण हें कीं जालन्याला पोहोंचेपर्यंत त्यांच्यासाठीं मोटार तीन वेळां थांबवावी लागेल, आणि तसें सांगण्यापेक्षां भाच्याच्या लग्नाला न जाणें त्यांना सोपें वाटतें. तिसरे गृहस्थ दुपारीं चारनंतर पाण्याला शिवत नाहींत, मग वैशाख कां असेना.

हीं लक्षणें कशाचीं तें आधीं पाहूं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रमार्गाला वेढून, एक लहानशी ग्रंथि असते. तिलाच प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी, वजनानें सुमारें २० ग्रॅम असते. तिची पाठ गुदाशयाला लागून असते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल. पन्नाशीनंतर ही ग्रंथि पुष्कळ पुरुषांत वाढूं लागते. ही वाढ आंतल्या बाजूस, मूत्रमार्गालगतच्या भागांत होते. त्यामुळें मार्ग चेपला जातो, धार बारीक होते, थांबून थांबून येते, रात्रीं चारपांच वेळां उठावें लागतें. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; केस पिकावे तशी ती वयाबरोबर येते. कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागल्या भागांत सुरू होतो. तेथें मूत्रमार्ग नाहीं, म्हणून आरंभीं तो कसलाच त्रास देत नाहीं. तात्पर्य, ज्याला त्रास आहे त्याला कर्करोग असेलच असें नाहीं, आणि ज्याला कसलाही त्रास नाहीं तो निर्धास्त आहे असेंही नाहीं. या दुखण्यासंबंधीं घराघरांत जो घोटाळा होतो त्याचें मूळ येथें आहे.

आपल्या पूर्वजांना या जागेची ओळखच नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं ‘वाताष्ठीला’ या प्रकारांत मलमार्ग आणि बस्ति यांच्यामध्यें दगडासारखी घट्ट, उंच आणि न हलणारी गांठ होऊन मलमूत्राचा अवरोध होतो, असें वर्णन आहे. एवढ्यावरून सुश्रुताला प्रोस्टेटचा कर्करोग ठाऊक होता असें म्हणणें हा पोकळ अभिमान होईल. पण गांठीची जागा त्यानें नेमकी सांगितली, आणि ती सांगतांना त्याला संकोच वाटला नाहीं, एवढें तरी आपण त्याच्यापासून घ्यावें.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. आमच्या थोरल्या काकांनीं सारी हयात गणित शिकविण्यांत घालविली. २०२२ सालीं ते ७५ वर्षांचे होते. ते रात्रीं वारंवार उठतात हें प्रथम ध्यानांत आलें तें आमच्या धाकट्या सूनबाईंच्या. मूल तान्हें असल्यामुळें तीही जागीच असे, आणि न्हाणीघराचा दिवा रात्रींतून किती वेळां लागतो हें तिला दिसे. पण चुलत आजेसासऱ्यांच्या लघुशंकेविषयीं नातसुनेनें कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगावें? तिनें तें आपल्या सासूबाईंच्या कानावर घातलें. त्यांनीं थोरल्या काकूंना सांगितलें. काकूंनीं ‘ह्यांना विचारलें कीं चिडतात’ असें म्हणून तो विषय तेथेंच मिटविला. घरांतील पुरुषमाणसांपर्यंत तर तो आलाच नाहीं. अखेर दिवाळीच्या सुमारास एके रात्रीं काकांची लघवी साफ कोंडली, आणि पहांटे तीन वाजतां दवाखान्यांत नळी घालून ती मोकळी करावी लागली. जी गोष्ट पांच महिने तीन बायकांच्या मनांत कोंडलेली होती ती त्या एका रात्रींत साऱ्या गल्लीला कळली.

कांहीं दिवसांनीं नळी निघाल्यावर डॉक्टरांनीं सोनोग्राफी करावयास सांगितलें. ‘सोनोग्राफी? ती तर बायकांची असते!’ हे काकांचे पहिले उद्गार. ते अगदींच निराधार नव्हते. महाराष्ट्रांत या यंत्राचें नांव घरोघर झालें तें गर्भाच्या निमित्तानें, आणि दुर्दैवानें मुलगी नको म्हणणाऱ्यांच्या निमित्तानें. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशांत सर्वांआधीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. मध्यवर्ती सरकारचा कायदा १९९४ सालीं झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अंमलांत आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या राज्यांत २००१ सालीं ९१३ होती, ती २०११ च्या खानेसुमारींत ८९४ वर उतरली. म्हणून प्रत्येक यंत्राची सरकारदरबारीं नोंद असते, तें गांवोगांव मनास येईल तसें फिरवितां येत नाहीं, आणि ‘येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं’ ही पाटी प्रत्येक केंद्रांत लावलेली असते. हा निर्बंध योग्यच आहे. पण त्या पाटीखालीं, गर्भार लेकीसुनांच्या रांगेंत, एकटा वृद्ध पुरुष बसला म्हणजे तो किती अवघडून जातो तें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. त्यांतून ज्याला लघवी आवरत नाहीं त्यालाच येथें ‘भरपूर पाणी प्या आणि धरून ठेवा’ असें सांगतात. काका खालीं मान घालून तासभर बसले. मात्र उठून गेले नाहींत.

या यंत्राचें तत्त्व साधें आहे. विहिरींत डोकावून हांक मारली म्हणजे प्रतिध्वनि येतो. विहीर जितकी खोल तितका तो उशीरां येतो. सोनोग्राफीचें यंत्र हेंच करतें. विजेच्या योगानें थरथरणारे आणि उलट थरथरले असतां वीज देणारे स्फटिक असतात, हा शोध ज्याक आणि पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८०-८१ सालीं लावला. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं लांजेव्हां या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचा उपयोग केला, आणि १९५८ सालीं ग्लासगो येथील डॉ. इअन डोनल्ड यांनीं गर्भ व पोटांतील गांठी यांच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. पोटावरून तपासतांना सेकंदास सुमारें ३५ लाख कंपनांचा ध्वनि वापरतात. शरीरांत तो सेकंदाला सुमारें १५४० मीटर वेगानें जातो, प्रत्येक पडद्यावरून थोडा थोडा परत येतो, आणि परतीला लागलेल्या वेळावरून यंत्र चित्र काढतें. पाण्यांतून ध्वनि विनाअडथळा जातो, म्हणून भरलेलें मूत्राशय ही प्रोस्टेटकडे पाहण्याची एक खिडकीच होय. पाणी पिण्यास सांगतात तें यासाठीं. नंतर लघवी करावयास लावून पुन्हां पाहतात, तें आंत किती उरली हें मोजण्यासाठीं.

काकांचा अहवाल आला तो असा: ग्रंथि ५८ ग्रॅम; लघवी झाल्यावर उरलेली १२० मिलिलिटर; मूत्रपिंडांस सूज नाहीं. कर्करोगाचा शब्दही त्यांत नव्हता. घरांत सर्वांस हायसें वाटलें, आणि काकूंनीं देवापुढें साखर ठेवली. अहवालांत खोटें असें कांहींच नव्हतें. परंतु चिखलीच्या शस्त्रवैद्यांनीं तो वाचून एकच वाक्य उच्चारलें, आणि तें आम्हांस या सर्व प्रकरणांतील सर्वांत मोलाचें वाटतें. ते म्हणाले, ‘हें चित्र ग्रंथि केवढी आहे तें सांगतें; ती कशी आहे तें सांगत नाहीं.’ पोटावरून केलेली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे प्रोस्टेटला कर्करोग नाहीं, असा समज आमच्या गांवींच नव्हे, सुशिक्षित समजल्या जाणाऱ्या शहरी घरांतही आम्हांस आढळला आहे. तो चुकीचा आहे, हें एवढें जरी वाचकांच्या ध्यानांत राहिलें तरी या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.

मग करावें काय? पहिली परीक्षा अगदीं जुन्या पद्धतीची आहे. ग्रंथीची पाठ गुदाशयाला लागून असते असें वर सांगितलें. म्हणून डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारांतून बोटानें ती चांचपतात. अर्ध्या मिनिटाचें काम. निरोगी ग्रंथि मऊ व लवचिक लागते. कठीण, खडबडीत जागा लागली तर संशय घ्यावा. या अर्ध्या मिनिटाच्या लाजेपायीं कित्येकांचीं वर्षें वायां जातात. दुसरी परीक्षा रक्ताची. पीएसए नांवाचें एक द्रव्य ही ग्रंथि तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तांत उतरतो. त्याची मर्यादा बहुत काळ मिलिलिटरमागें ४ नॅनोग्रॅम धरीत आले आहेत. पण हा आंकडा म्हणजे निकाल नव्हे. साध्या वाढीनें, जंतुदोषानें, नळी घातल्यानेंही तो चढतो; म्हणून काकांची ही परीक्षा नळी निघाल्यावर सहा आठवडे थांबून केली. उलट ग्रंथि आकुंचित व्हावी म्हणून दिलीं जाणारीं कांहीं औषधें तो सुमारें निम्म्यावर आणतात. तीं घेत असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावें. आणि ४ च्या आंत असूनही कर्करोग निघालेले लोक आहेतच. काकांचा आंकडा ११ च्या वर आला, आणि बोटाला डावीकडे एक कठीण जागा लागली. तेव्हां औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, नेण्याचें ठरलें.

येथें सोनोग्राफीचा दुसरा प्रकार पुढें येतो, आणि त्याचें मर्म समजणें अवघड नाहीं. ध्वनीचीं कंपनें जितकीं अधिक तितकें चित्र बारीक. पण तितकाच तो ध्वनि कमी खोल जातो. पोटावरून ग्रंथि दूर पडते, म्हणून तेथें जाडाभरडा ध्वनि वापरावा लागतो. तीच ग्रंथि गुदाशयांतून पाहिली तर अगदीं हाताशीं येते, आणि सेकंदास ६० ते ९० लाख कंपनांचा बारीक ध्वनि वापरतां येतो. जपानांतील हिरोकी वातानाबे व त्यांचे सहकारी यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या मार्गानें प्रोस्टेटचीं उपयुक्त चित्रें प्रथम मिळविलीं. त्यांचें यंत्र खुर्चींत बसविलेलें असे आणि रोग्यानें त्या खुर्चीवर बसावयाचें असे. आज बोटाएवढी नळी पुरते, आणि रोगी कुशीवर निजतो.

पण जवळून पाहिलें तरी सर्व दिसतेंच असें नाहीं. कर्करोगाची जागा पुष्कळदां या चित्रांत काळसर दिसते. तथापि कांहीं गांठी भोंवतालच्या निरोगी भागासारख्याच दिसतात, आणि कांहीं काळसर डाग तपासाअंतीं निरुपद्रवी ठरतात. म्हणून केवळ चित्रावर विसंबून न राहतां, चित्राच्या आधारें सुई योग्य जागीं नेऊन ग्रंथीचे बारीक तुकडे काढावयाचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयाचे, ही रीति पडली. १९८९ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनीं ठराविक सहा जागांचे तुकडे घेण्याची पद्धति प्रसिद्ध केली. पुढें ती संख्या बहुधा बारावर गेली. तरीही सुई गांठीच्या शेजारून निघून जाण्याचा संभव राहतोच. २०१७ सालीं इंग्लंडांत ५७६ पुरुषांवर केलेल्या प्रसिद्ध तुलनेंत, महत्त्वाचे कर्करोग ओळखण्यांत या सोनोग्राफी-बायॉप्सीला शेंकडा ४८ यश आलें, तर एमआरआय या चुंबकीय प्रतिमेला शेंकडा ९३. म्हणून आतां शक्य तेथें आधीं एमआरआय करतात, आणि त्यांत दिसलेल्या संशयित जागेकडे सोनोग्राफीच्या नजरेखालीं सुई नेतात. अलीकडे सेकंदास २ कोटी ९० लाख कंपनांची अतिसूक्ष्म सोनोग्राफी निघाली आहे; २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत ती एमआरआयच्या साहाय्यानें केलेल्या बायॉप्सीहून उणी ठरली नाहीं. एमआरआयचें यंत्र महाग आणि मोठ्या शहरीं असतें; तेव्हां ही नवी सोनोग्राफी पुढेंमागें आमच्यासारख्या गांवांना उपयोगी पडावी, अशी आशा करण्यास जागा आहे.

काकांच्या एमआरआयमध्यें डाव्या बाजूस एक जागा दिसली, बायॉप्सी झाली, आणि दहा दिवसांनीं निकाल आला: कर्करोग, मध्यम प्रतीचा, हाडांत पसरलेला नाहीं. आतां घरांत दुसरेंच प्रकरण उभें राहिलें. पुण्याचे आमचे चुलत बंधु दूरध्वनीवरून म्हणाले, ‘बाबांना यांतलें कांहीं सांगूं नका. नांव ऐकूनच ते खचतील.’ काकूंचेंही मत तेंच. पूर्वीं त्यांनीं आमच्यापासून लपविलें, आतां आम्ही त्यांच्यापासून लपवावें, असा हा न्याय होता. आमच्याकडील एकत्र कुटुंबांत हें सर्रास चालतें. रोग्याला सोडून सर्वांना रोग ठाऊक असतो, आणि रोगी सर्वांचे चेहरे पाहून तो ओळखतो. मग दोघेही एकमेकांसमोर नाटक करतात. याला प्रेम म्हणतात, आणि तें प्रेम खोटें असतें असेंही नाहीं. पण त्या प्रेमानें रोगी एकटा पडतो.

आमच्या घरीं हें नाटक दोन दिवसांपेक्षां अधिक टिकलें नाहीं. अहवाल इंग्रजींत होता, आणि घरांत सर्वांत चांगलें इंग्रजी काकांनाच येत असे. कपाटांतून कागद काढून त्यांनीं तो स्वस्थपणें वाचला आणि आम्हांस बोलावून म्हणाले, ‘अरे, माझ्या शरीरांतली गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आणि मलाच नाहीं, हें कोणतें गणित? बस. काय काय उपाय आहेत ते एकेक सांग, मी ठरवीन.’ आम्हीं एकेक सांगितले: शस्त्रक्रिया, किरणोपचार, पुरुषी अंतःस्राव थांबविणारीं इंजेक्शनें, आणि नुसती देखरेख. प्रत्येकाचे तोटेही सांगितले. लघवीवरचा ताबा जाणें, हाडें ठिसूळ होणें, अशक्तता. त्यांनीं पाटीवर लिहावें तसें तें सर्व कागदावर मांडलें, डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारले, आणि किरणोपचार व इंजेक्शनें पतकरलीं. संभाजीनगरास भाचीच्या घरीं राहून त्यांनीं ते पुरे केले. आज ते ठराविक मुदतीनें पीएसए करवितात आणि त्याचे आंकडे आपल्या वहींत टिपून ठेवतात.

तर मग प्रत्येक वृद्धाची परीक्षा करून टाकावी काय? नाहीं. येथें तारतम्य पाहिजे. हा रोग पुष्कळांत इतका मंद असतो कीं माणूस त्याच्यासह जगतो आणि दुसऱ्याच कारणानें जातो. ब्रिटनमध्यें पीएसएवरून आरंभीं सांपडलेल्या १६४३ रोग्यांचे तीन गट करून एकास शस्त्रक्रिया, एकास किरणोपचार व एकास देखरेख दिली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या १५ वर्षांच्या निष्कर्षांत तिन्ही गट मिळून या रोगानें ४५ जण, म्हणजे शेंकडा तिघांहून कमी, दगावले, आणि गटागटांत त्या बाबतींत फारसा फरक आढळला नाहीं. देखरेखीच्या गटांत रोग पसरण्याचें प्रमाण मात्र अधिक होतें. अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०१८ सालीं असा सल्ला दिला कीं ५५ ते ६९ या वयांत पीएसए करावी कीं नाहीं हें प्रत्येकानें डॉक्टरांशीं बोलून ठरवावें, आणि सत्तरीपुढें, लक्षणें नसतां, ती सरसकट करूं नये. म्हणजे लक्षणें नसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना धरून नेऊन सुया टोचविणें हें प्रेम नव्हे. पण ज्याची लघवी कोंडते, ज्याच्या लघवींत रक्त दिसतें, ज्याच्या कंबरेचें वा हाडांचें दुखणें कशानेंही थांबत नाहीं, किंवा ज्याच्या बापाला अथवा भावाला हा रोग झालेला आहे, त्याची गोष्ट निराळी. तेथें थांबूं नये.

बोलण्यानें खरोखर कांहीं होतें काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें, टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यानें, १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग-नोंदवही ठेवली जाऊं लागली. देशांतील ती पहिली ग्रामीण नोंदवही. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्यांत आलीं. डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचीं माणसें गांवोगांव नुसती नोंद करावयास गेलीं नाहींत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीं लक्षणें त्यांनीं बायकांना समजावून सांगितलीं. यंत्र नव्हतें, औषध नव्हतें, केवळ बोलणें होतें. आणि कांहीं वर्षांतच, पूर्वींपेक्षां अधिक बायका रोगाच्या आरंभीच्या अवस्थेंत येऊं लागल्याचें नोंदवहींत दिसून आलें. पुढें शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिवांत, १,३१,७४६ स्त्रियांवर झालेलें परीक्षण २००९ सालीं प्रसिद्ध होऊन जगभर गाजलें. ज्या विषयावर घरांत बोलणें अशक्य वाटे त्या विषयावर पारावर बोललें गेलें, आणि त्यानें जीव वांचले. बायकांच्या बाबतींत बार्शीला जें साधलें तें पुरुषांच्या बाबतींत चिखलीला कां साधूं नये?

आमच्या मतें याला मोठ्या योजनेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आरंभ घरापासून होईल. सूनबाईंना रात्रीं दिवा दिसला तर त्यांनीं तो मोजून थांबूं नये, आपल्या पतीला सांगावें. सासऱ्यांशीं बोलण्याचें काम मुलाचें आहे, आणि तें त्यानें एकांतांत, फिरावयास नेऊन, साध्या शब्दांत करावें. काकूंनीं, आजींनीं ‘त्यांचा स्वभाव’ म्हणून विषय झांकूं नये. सोनोग्राफीला वृद्धाबरोबर घरांतील पुरुषमाणसानें जावें, म्हणजे रांगेंतील संकोच अर्धा होतो. अहवाल आल्यावर त्यांतील ग्रंथीचें वजन पाहून समाधान न मानतां, ‘बोटानें तपासलें काय? पीएसएची जरूर आहे काय?’ हे दोन प्रश्न डॉक्टरांस विचारावे. आणि निकाल कांहींही येवो, तो ज्याचा त्याला कळवावा.

आमच्या काकांनीं सकाळच्या मेळ्यांत आपली हकीकत स्वतःच सांगितली. पहिल्या दिवशीं कोणी कांहीं बोललें नाहीं. आठवड्याभरानें दाराजवळ बसणारे गृहस्थ परतीच्या वाटेवर त्यांच्या बाजूस आले आणि डॉक्टरांचा पत्ता विचारूं लागले. त्यांना कर्करोग नव्हता. साधी वाढ होती, ती गोळ्यांनीं आटोक्यांत आली. यंत्र आज तालुक्याच्या गांवीं आहे, औषधें आहेत, शिकलेले डॉक्टर आहेत. परंतु यंत्राला जो प्रतिध्वनि ऐकावयाचा असतो त्याच्या आधीं घरांतील माणसानें आपल्या वडीलधाऱ्यांचें ऐकावें लागतें, आणि वडीलधाऱ्यांनीं बोलावें लागतें. तेवढें केलें तर पुष्कळ दुखणीं वेळेवर कळतील, आणि जीं कळूनही बरीं होणार नाहींत तीं निदान एकट्यानें भोगावीं लागणार नाहींत.